गोदामातले गठ्ठे

"गोदामात गठ्ठे जास्त दिसले म्हणून माग जोरात चाललाय असं कुठंय? उठाव नसला तरी गठ्ठे साठतातच की."

काकांनी एवढं बोलून बशीतला चहा फुर्रकन ओढला. मी मोबाईल गुपचूप खिशात घातला.

त्यावर वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे पेशीतलं एखादं प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा फोटो होता. औषध दिलेल्या पेशींचा पट्टा चांगला जाड, काळाकुट्ट. मी ऐटीत सांगितलं होतं, बघा, या पेशी प्रथिन जास्त बनवतायत. सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर 28 वर्षं काढलेला माणूस. प्रथिन त्यांना डाळीपुरतं माहीत. पण नेमकं पकडलं. पट्टा साठा दाखवतो, वेग नाही. पेशीनं प्रथिन मोडणं कमी केलं तरी तो जाडच येणार.

वेगासाठी प्युरोमायसिन. हा रेणू अमिनो आम्ल आणणाऱ्या टी-आरएनएच्या टोकासारखा दिसतो. रायबोझोम, म्हणजे पेशीतला प्रथिन विणणारा माग, फसतो, त्याला प्रथिनाच्या साखळीत गुंफतो आणि साखळी तिथंच सुटते. थोडी मात्रा, थोडाच वेळ द्यायचा. मग प्युरोमायसिन ओळखणाऱ्या अँटीबॉडीनं बघायचं, किती साखळ्यांवर खूण पडली. वेग कळतो तो सगळ्या प्रथिनांचा मिळून, एकाचा नाही.

"म्हणजे चालत्या मागावर घटकाभर रंगीत दोरा सोडायचा," काका म्हणाले. "आणि एक माग बंद ठेवून बघितलास का?"

बंद माग म्हणजे प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड दिलेली पेशींची बशी. तीही लावली नव्हती.

सोमवारी गाईडला काय सांगू, सहा महिने गठ्ठे मोजत होतो?