माळ्यावरची खुडूक

खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली कोंबडी, अंड्यांवर बसवायची की तिची खुडूक मोडायची, हे विचारायला पशुसखीला, म्हणजे गावातली जनावरं-कोंबड्या बघणाऱ्या बाईला, कुणी बोलवत नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे मावशींचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, विचारायचं असेल ते वेगळंच काहीतरी असणार.

पाटण खोऱ्यातल्या एका गावात मी हे काम करते. गावठाणापासून पाऊण तास चढून गेलं की सहा घरांची वस्ती लागते. मार्चअखेरीला तिथे मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली. हिरवी हगवण, पंख पाडून बसणं, मग मान पिळवटणं. आठ दिवसांत २३ पाखरं गेली आणि मला कळलं नवव्या दिवशी. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, लाखो कोंबड्या मारून पुरल्या होत्या, ते लोकांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पाखरू मेलं की आधी खड्डा खणतात आणि मग गप्प बसतात. पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवायचं तर ताजं मेलेलं पाखरू लागतं. ते कुठून आणणार? डॉक्टरांनी ऐकलेल्या लक्षणांवरून मानमोडी म्हटलं आणि विषय संपला.

त्याच वस्तीवरच्या मावशींकडे एक कोंबडी उरली होती. माळ्यावर, जुन्या कणगीच्या आडोशाला ती अंडी घालत होती. आता अंगावरची पिसं फुलवून, कुर्र कुर्र करत नऊ अंड्यांवर ठाण मांडून बसली होती. पोटाखाली हात घातला तर चोच मारली. छातीची पिसं गळून कातडी उघडी पडलेली, हाताला चटका बसेल इतकी ऊब.

"सगळ्या गेल्या, ही उरली. आणि उरली ती खुडूक झाली," मावशी म्हणाल्या. "बसवू का मोडू, तूच सांग."

मुलाचं म्हणणं, मोडा. मोडली की दोन-तीन आठवड्यांत परत अंडी घालू लागेल, पाटणच्या बाजारात गावरान अंडं पंधरा रुपयांना जातं. बसवली तर २१ दिवस उबवण्यात आणि पुढचे दोन महिने पिल्लांमागे. शेजारणीने तर कोंबडीच्या नाकात पीस खुपसायची तयारीच केली होती. हा प्रकार मला बघवत नाही. मोडायचीच असेल तर जाळीच्या खुराड्यात चार दिवस ठेवावी, पोटाला खालून वारा लागला की उतरते.

प्रशिक्षणात शिकवलेलं उत्तर सरळ होतं. साथ गेल्यावर खुराडं रिकामं ठेवा, जमीन खरवडा, चुना मारा, काही आठवडे नवं पाखरू आणू नका. शिवाय एप्रिलचा उन्हाळा. उन्हाळ्यात साठवलेल्या अंड्यातला जीव ऊब मिळायच्या आधीच थोडा वाढतो आणि मरतो. कोंबडाही मरून बारा दिवस झाले होते. तो मुद्दा मात्र मी धरला नाही. एकदा कोंबडा लागला की पुढचे दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडेही कोंबडी फळती अंडी घालते.

म्हणजे "मोडा" म्हणून मी दहा मिनिटांत उतरणीला लागले असते. पण सहज विचारलं, ही कुठून आणलेली?

बहिणीकडची. गेल्या थंडीत आणली. तिथे लस झालेली होती.

मी तशीच माळ्याच्या शिडीवर बसले.

नोव्हेंबरमध्ये मानमोडीची लस मीच टोचली होती. पहाटे, खुराडी उघडायच्या आत. एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की दिवसभरात अर्ध्याही हाती लागत नाहीत. लस पावडरीच्या रूपात येते. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली, द्रावण मिसळलं की दोन तासांच्या आत संपवायची. नंतर टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. आमच्याकडे येणारी लहानात लहान बाटली १०० डोसची. त्या दिवशी गावठाणात पहिली बाटली बरोबर संपली. या वस्तीवर तेव्हा वीसेक पाखरं होती. दुसरी बाटली फोडली असती तर ऐंशी डोस फुकट. मी वर गेले नाही. वाया गेलेले डोस शून्य, म्हणून मासिक बैठकीत माझं नाव घेतलं गेलं. किती कोंबड्या राहिल्या, हा रकाना त्या रजिस्टरात नाहीच. म्हशीच्या कानात बिल्ला असतो, बैलाची नोंद असते. कोंबडी बाईची, म्हणून तिची अशी नोंद कुणी ठेवत नाही.

मी म्हटलं, "बसवा."

का म्हटलं याची कारणं माझ्याकडे आहेत. लस घेतलेल्या आईची ताकद बलकातून पिल्लात उतरते, पहिले दोनेक आठवडे पुरते. तोवर सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा, म्हणजे पिल्लांसाठीच्या मानमोडीच्या लसीचा, थेंब टाकता येतो. अंगण साफ करायला २१ दिवस मिळतात. कोंबडी माळ्यावर, खुराड्यापासून लांब. पण लस घेतलेलं पाखरू स्वतः आजारी न पडता रोग बाळगू शकतं, हेही खरं. ते मी सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "आता माझ्याकडं मरायला राहिलंय काय?"

डालग्यात राख, वर पेंढा, त्यात निरगुडीचा पाला पिसवांसाठी. मावशींनी कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवला, विजेचा कडकडाट झाला तर अंडी नासू नयेत म्हणून. मी काही बोलले नाही.

आठवड्याने रात्री गेले. मोबाइलच्या बॅटरीवर मूठ धरून वर अंडं ठेवलं. तीन कोरी, पिवळी. एकात लाल कडं, म्हणजे जीव धरून मेलेला. पाचांत कोळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका. मावशींनी पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या, पण हे कधी पाहिलं नव्हतं. एकच अंडं त्यांनी चारदा धरायला लावलं.

एकविसाव्या दिवशी चार निघाली. पाचवं कवचातच मेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी थर्मास घेऊन वर गेले. वस्तीवर ही कोंबडी आणि तिची चार पिल्लं सोडली तर एकही पाखरू नव्हतं. बाटली फोडली. चार थेंब. उरलेली लस उकळून पुरून टाकली.

घरी येऊन रजिस्टर भरलं. मिळालेले डोस १००, वापरलेले ४, वाया ९६. 'कारण' हा रकाना अजून कोराच आहे. रजिस्टर सोमवारी द्यायचंय.