झाकणावरचा फोटो

मंगळवार, रात्री उशिरा

माझ्या फराळाच्या डब्याचं, त्याचाच फोटो चिकटवलेलं झाकण चिनूने कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणलं आणि टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. चकलीच्या तेलाचा डाग फोटोत नेमका कपाळावर. सी विंगमधल्या कोणीतरी फराळ संपवून झाकण फेकून दिलं असणार. त्यात त्यांचं काय चुकलं? आपणही टाकतोच.

तो एवढंच म्हणाला, "आई, मला विचारायचं होतंस."

आणि दप्तर घेऊन क्लासला गेला.

मग दिवसभर भाजणी भाजताना डोक्यात तेच. आधी आला तो रागच. पहाटे चारला उठून मी कोणासाठी राबते आहे? गेल्या वर्षी डब्यावर नुसतं 'लहान मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी' असं छापलं होतं, तर 31 डबे गेले. पानसेकाका तोंडावर म्हणाले, "संशोधनाला कसले पैसे देतेस? एखाद्या पोराची औषधं आण की." यंदा फोटो लावला आणि 140 डबे हातोहात संपले. वहिनींनी तर अंधेरीहून एका संध्याकाळी 22 ऑर्डरी आणल्या. आणि हा म्हणतो, विचारायचं होतंस. कढईसमोर उभी राहून रडले थोडी. धुराने डोळे चुरचुरतायत असं सासूबाईंना सांगितलं.

फोटो तो पाच वर्षांचा असतानाचा. टक्कल, स्टेरॉइडने फुगलेले गाल, हनुवटीवर घसरलेला मास्क, मागे परळचा फुटपाथ. त्या दिवसांत रात्री दोनला उठून वरणभात मागायचा आणि ताट चाटूनपुसून पुन्हा मागायचा. हा फोटो त्याला आवडत नाही हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? अल्बम चाळताना तिथे आला की तो दोन पानं एकदम उलटतो. मी पाहिलंय. पाहूनही लावला.

तो सात वर्षांचा झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट आज सारखी आठवते आहे. एका अभ्यासासाठी रक्ताची एक नळी जास्तीची हवी होती. आम्हा दोघांना मराठीतली पानंच्या पानं वाचून दाखवली, सह्या घेतल्या. मला वाटलं, झालं. तर डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःला विचारावंच लागतं, तसा नियम आहे. म्हणाल्या, "सुई तीच, वेगळी टोचणार नाही. तुला याचा काही उपयोग नाही, पुढे येणाऱ्या मुलांना झाला तर होईल. नको म्हणालास तरी कोणी रागावणार नाही." त्याने कितीतरी वेळ विचार केला. मग म्हणाला, "एकच ना?"

एका नळीसाठी त्याला विचारलं गेलं. चेहऱ्यासाठी मी विचारलं नाही.

पानसेकाकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते अजून सलतं. चिनूला मिळालेली औषधं आली कुठून, हे सांगायला हवं होतं. मणक्यातून द्यायचं ते पिवळं मेथोट्रेक्सेट. ज्या चमूने ते घडवलं त्याचे प्रमुख आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच घराण्यातलं आधीचं औषध, अमिनोप्टेरिन, बॉस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या 16 मुलांना दिलं. 1948 मध्ये ते छापून आलं. 10 मुलांना उतार पडला, तोही काही काळच. विन्क्रिस्टीन तर सदाफुलीतून निघालेलं, आमच्या गॅलरीतल्या कुंडीत असते तीच. ते चढलं की चिनूची पावलं लोंबायची, जिन्यात अडखळायचा. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात. कित्येक गरीब देशांत 30 टक्केसुद्धा नाहीत. मग कसले पैसे म्हणून काय विचारता काका?

त्या 16 मुलांचे चेहरे मला माहीत नाहीत. त्यांना कोणी विचारलं असेल? तेव्हा आजच्यासारखे नियम नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या मुन्नीच्या आईचा नंबर अजून फोनमध्ये आहे... ते नको आता.

पुन्हा फिरून तिथेच येते. फोटोमुळे पैसे आले, हे खरं. ते पैसे खरोखरच उपयोगी पडतील. पण चेहरा त्याचा आहे, तो बारा वर्षांचा आहे आणि रोज याच लिफ्टने शाळेत जातो. फोटोशिवाय विकायचं तर पुन्हा एकेका दारात उभं राहून सदाफुलीपासून सांगावं लागेल. सांगेन. पानसेकाकांपासूनच सुरुवात करते.

स्टिकर लावलेली 60 झाकणं उरली होती. रात्री जेवणं झाल्यावर ती पुढ्यात घेऊन बसले. कोपऱ्यातून ओढलं की फोटो मधोमध फाटायचा आणि पांढरा कागद चिकटून राहायचा. चिनू पाणी प्यायला आला, बघत उभा राहिला.

"चुकलंच माझं," म्हटलं.

"पैसे कमी येतील ना?"

"येतील कदाचित."

काही बोलला नाही. कपाटातून खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस घेऊन आला आणि शेजारी मांडी घालून बसला. "असं ओढू नकोस. सिस्टर टेप काढायच्या आधी कापसाने भिजवायच्या, थोडं थांबायच्या. मग दुखायचं नाही."

त्याने एका झाकणावर कापूस ठेवला आणि आम्ही थांबलो.