तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीनं लिहायचं आणि सगळ्यांनी घ्यायचं?

पालकसभेत दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. मागच्या वर्षी एका वडिलांनी उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीनं रात्र-रात्र जागून नोट्स काढायच्या अन् तुम्ही त्या फोनवरून सगळ्यांना वाटायच्या. मग बाकीच्यांनी अभ्यास कशाला करायचा?" स्टाफरूममध्येही हेच ऐकते, "मुलांना आयत्याची सवय लागते." सभेत दोन वाक्यांत उत्तर देऊन बसले, पण ते पुरेसं नव्हतं.

मी बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, अकरावी-बारावी वाणिज्यला पुस्तपालन, म्हणजे हिशेब लिहिण्याचा विषय, शिकवते. बारावीचा वर्ग दिवाळीपर्यंत भरलेला असतो. मग साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निघतात आणि बाक रिकामे व्हायला लागतात. काही मुलं आजीपाशी राहतात, पण घर, जनावरं आणि धाकटी भावंडं त्यांच्यावर पडतात. काही आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात फडावर जातात. ती उगवतात थेट फेब्रुवारीत, बोर्डाच्या तोंडावर. इकडं नेमक्या त्याच महिन्यांत विनिमय विपत्रं आणि कंपनीच्या भाग भांडवलाचा धडा चाललेला असतो, शिवाय आधीच्या धड्यांची उजळणी. उसाच्या फडात कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दाराशी बसून फोनवर बघण्यासारखं त्या मुलाच्या हातात काय असणार?

पाठ्यपुस्तक असतं. बालभारतीनं ते पीडीएफमध्ये फुकट ठेवलंय, सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओही सापडतात. पण पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण आणि वर्गातल्या मुलीनं आपल्या शब्दांत सोडवलेलं उदाहरण यांत फरक असतो. पुस्तक जिथं एका ओळीत पुढं जातं, तिथं ती मुलगी अडखळलेली असते आणि समासात लिहून ठेवते, "इथं नवीन प्रमाण नाही, जुनं घ्यायचं." दुसऱ्या मुलाला नेमकी ती ओळ हवी असते.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी फळ्याचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागले, तिथून हे सुरू झालं. हळूहळू मुलंच एकमेकांच्या वह्यांचे फोटो मागायला लागली. पण ग्रुपवर टाकलेलं सापडत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. 'शुभ सकाळ' आणि वाढदिवसांच्या ढिगाखाली धडा गाडला जातो. फाइलचं नाव म्हणजे 'डॉक' आणि त्यापुढं आकड्यांची माळ. आणि महिन्या-दोन महिन्यांनी नवा फोन घेतलेल्या मुलानं ती उघडायला जावं, तर उतरतच नाही.

मग गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर केला, पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमानं. फाइलचं नाव मराठीत: धडा, उदाहरण क्रमांक, कुणी लिहिलं, तारीख. लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल अशी परवानगी देऊन ठेवली, नाहीतर रात्री अकरा वाजता मुलगा 'परवानगी मागा' या पाटीपाशी अडतो आणि मी झोपलेली असते. फोटो फोटो म्हणून पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर व्हॉट्सॲप तो इतका दाबतं की ३ आणि ८ सारखेच दिसतात. हिशेबाच्या विषयात हे परवडत नाही. पान सकाळी, खिडकीजवळ, फोन सरळ धरून टिपायचं. फाइल दोन-तीन एमबीच्या आत, कारण फडावर रेंज टेकडावर चढल्यावर येते आणि फोन बहुधा वडिलांचा असतो. माझ्या स्वतःच्या जुन्या टाइप केलेल्या नोट्स काही कामाच्या राहिल्या नव्हत्या. जुन्या फाँटमधल्या त्या फाइली मुलांच्या फोनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेंडोळी दिसायची. एका मे महिन्याच्या सुट्टीत बसून सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा रूपात, आणल्या.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडं येते, कारण गोष्ट त्यांच्याच मुलीची आहे.

तिनं 'भागीदाराचा प्रवेश' या धड्यातलं एक उदाहरण सोडवून टाकलं होतं. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीनं आखलेले. अ आणि ब यांचं नफ्याचं प्रमाण ३:२, राखीव निधी २०,००० रुपये. क नवीन भागीदार आला आणि नवं प्रमाण झालं २:२:१. मुलीनं राखीव निधी नव्या प्रमाणात वाटला: अ ला ८,०००, ब ला ८,०००, क ला ४,०००. भांडवल खाती केली, ताळेबंद मांडला आणि ताळेबंद जुळला. जुळणारच, कारण तेच २०,००० कुणाच्याही नावे गेले तरी बेरीज तीच राहते. पुस्तपालनात मुलं ताळेबंद जुळला की सुटकेचा श्वास टाकतात आणि वही मिटतात. निम्म्याहून जास्त वर्गानं ते उदाहरण उतरवून घेतलं. मी स्वतः वरवर नजर टाकून पुढं गेले होते, ही चूक माझीही.

पंधरा दिवसांनी सांगलीकडून एका मुलाचा मेसेज आला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, कधी तोंड न उघडणारा मुलगा. त्यानं लिहिलं होतं, "मॅडम, क तर आत्ता आलाय. तो नव्हता तेव्हाच्या नफ्यातून साठवलेला निधी त्याला कसा काय?"

भागीदाराच्या प्रवेशाचा अख्खा धडा त्या एका वाक्यात आहे. निधी साठला तो अ आणि ब च्या कष्टातून, म्हणून तो जुन्या प्रमाणात त्यांनाच जातो: १२,००० आणि ८,०००. मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनाचा नफाही त्यांचाच. हे मी वर्गात तीनदा सांगितलं असेल, पण त्याला ते स्वतःहून सुचलं. दिवसभर मोळ्या बांधून आल्यावर, मैत्रिणीच्या वहीतलं चुकीचं पान बघता बघता.

आता सांगा, ती वही तिच्या दप्तरातच राहिली असती तर? ताळेबंद जुळलेला, त्यामुळे तिला शंका येण्याचं कारणच नव्हतं. ती चूक तशीच बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत गेली असती. दिलं तिनं, पण सगळ्यांत जास्त मिळालं तिलाच. हे मी तिच्या वडिलांना नीट समजावून सांगायला हवं होतं.

नुसतं उतरवून घेणारी मुलं असतात, हे मला मान्य आहे. ती फोन नव्हते तेव्हाही असायची, शेजारच्याची वही घेऊन. त्यांच्यापायी वही बंद करायची, तर जो बाकावर बसूच शकत नाही त्याचं दार आपण लावतो. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

त्या प्रसंगानंतर एक रीत मात्र पक्की केली. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि तपासणाऱ्यानं उदाहरण स्वतः आधी सोडवायचं. दुरुस्ती झाली की जुनी फाइल काढून टाकायची, नाहीतर दोन्ही फिरत राहतात आणि चुकीचीच आधी पोचते. पानावर फक्त पहिलं नाव आणि वर्ग, फोन नंबर कधीच नाही. एका वर्षी ग्रुपमधून नंबर बाहेर गेला आणि एका मुलीला अनोळखी माणसाचे मेसेज यायला लागले. घरच्यांनी तिचा फोनच काढून घेतला. ते मला अजून लागून राहिलंय.

गाइडं स्कॅन करून टाकायला मी साफ नकार देते. मुलं नाराज होतात. पण ती कुणीतरी लिहिलेली, छापलेली पुस्तकं आहेत, त्यांच्यावर कॉपीराइट आहे. पाठ्यपुस्तकासाठी बालभारतीच्या मूळ पानाची लिंक देते, म्हणजे आवृत्ती बदलली तरी मुलांना नवीच मिळते. आणि मुलांचं लेखन मुलांचं. एका खासगी क्लासनं आमच्या एका विद्यार्थिनीची पानं स्वतःचा शिक्का मारून विकली होती. तिनं आपलं अक्षर ओळखलं आणि ती रडली. तेव्हापासून नाव पानाच्या कोपऱ्यात नाही, मधोमध फिकट अक्षरांत असतं.

ते राखीव निधीचं पान फोल्डरमध्ये आहे, दुरुस्त केलेलं. त्या मुलीनं नव्यानं लिहिताना समासात लाल पेनानं घातलंय, "क आत्ता आलाय. जुन्या निधीत त्याचा वाटा नाही." खाली 'तपासलं' असं लिहून त्या मुलाचं नाव. दोघंही आता बारावी होऊन गेली. या वर्षीच्या एका मुलीनं परवा विचारलं, "मॅडम, हे तपासणारे सर कोण आहेत?"