फरशीवरचे ओले पाय

मे महिन्यातला मंगळवार. दवाखान्याचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि पायरीवर एक जोडपं आधीच येऊन बसलं होतं. मामांच्या दोन्ही पायांना जुन्या चादरीच्या चिंध्या बांधलेल्या. चादर सोलापुरीच, ते ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्रेसिंग करायचं आणि शुगरवाल्यांचे पाय तपासायचे, हे माझं काम. इतकी वर्षं पाय बघून आता चेहऱ्याआधी पायच ओळखू येतात. मागावर उभं राहून भेगाळलेल्या टाचा वेगळ्या, विड्या वळायला मांडी घालून बसणाऱ्या बायकांच्या घोट्यावरचे काळे घट्टे वेगळे.

चिंध्या भिजवून सोडल्या, तर तळव्याचं कातडं फोडासकट सुटून आलं. अंगठ्याखाली, टाचेला, दोन्ही पायांना. मलाच शहारा आला. आणि मामा वर बघत म्हणाले, "सिस्टर, पंखा जरा फास्ट करा की."

झालं होतं असं. सोमवारी दुपारी मामा सिद्धेश्वरांच्या दर्शनाला गेले. बाहेर आले तर चपला गायब. देवळातून चप्पल गेली की पीडा गेली म्हणतात. मामाही तेच म्हणाले, रिक्षाचे पैसे वाचवले आणि अनवाणी घराकडे निघाले. ४३ अंशांची दुपार. अशा उन्हात डांबर ६० अंशांपर्यंत तापतं, कातडी भाजायला मिनिटभरही लागत नाही. कुणीही असता तर चार पावलांत उड्या मारत सावलीला पळाला असता. मामा मात्र निवांत चालत आले. वाटेत ओळखीचा कुणी भेटला, तर त्याच्याशी उभं राहून बोललेसुद्धा.

"घरी आले, पाणी प्याले, आडवे झाले," मावशी सांगत होत्या. "मी विड्या वळत बसलेली. शहाबादीवर ओले पाय उमटलेले दिसले. म्हटलं, मोरीतून आले असतील. पण ते वाळेचनात. हात लावून बघितला तर चिकट!"

पाय तपासायला आमच्याकडे नायलॉनचा एक ताठ दोरा असतो. टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि लागलं की 'हो' म्हणायचं. जखमा सोडून जिथे जागा उरली होती तिथे मी दोरा टेकवत गेले. मामा डोळे मिटून बसलेले. थोड्या वेळाने म्हणाले, "सुरू करा की, सिस्टर."

माझं सात ठिकाणी टेकवून झालं होतं.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांबच्या आधी जातात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मामांना विचारलं, आधी कधी काही जाणवलं नाही? "जाणवलं की. मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची. मग आपोआप थांबलं. मला वाटलं, गोळी लागू पडली." हे वाक्य मी याआधीही ऐकलंय. दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊन औषध सोडणारी माणसं दर आठवड्याला येतात आणि दर वेळी माझा पारा चढतो. त्या दिवशी नाही चढला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या, एक दिवसाआड ड्रेसिंग सांगितलं.

घरी गेले तेव्हा गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. वर ढग आले म्हणून तशीच पळाले. ऊन कलून गेलं होतं, तरी गच्ची तव्यासारखी. दोन पावलांत 'आई गं' करत एका पायावरून दुसऱ्यावर नाचायला लागले. सासूबाई जिन्यातून ओरडल्या, "चपला घालायला काय होतं तुला?" मी सुपात कुरडया भरत होते आणि माझे तळवे लाल होत होते, आणि कसं सांगू, ते चटके मला बरे वाटत होते.

मामांच्या जखमा भरायला अडीच महिने लागले. बोटं वाचली. शेवटच्या ड्रेसिंगला मी त्यांना एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यायला लावली. पूर्वी कुष्ठरोग्यांसाठी असायची, आता शुगरवाल्यांनाही देतात. घरातही घालायची म्हटल्यावर मावशींचा चेहरा उतरला. "घरात देव आहेत हो." मग घरातला जोड वेगळा, असं ठरलं.

श्रावण लागला होता. मामा जरा चाचरत म्हणाले, "सोमवारी देवळात मोजे घातलेले चालतील का?"

"चालतील. पण सकाळी लवकर जायचं, फरशी तापायच्या आत."

"आणि चपला?"

मावशींनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. "मी बसते की बाहेर, पदराखाली घेऊन. पीडा राहू दे घरातच."