‘बाटलीस की काय?’ असं विचारता म्हणून

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. नाशिकहून मावशीचा फोन असेल तर थेट: “चर्चमध्ये जातेस म्हणे. बाटलीस की काय?” इथे अमेरिकेत, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तोच प्रश्न जरा सभ्यपणे येतो: “तुम्ही ग्लाइडला जाता ना? मग तिथे धर्माचं वगैरे कसं असतं?” दोघींना उत्तर एकच, नाही. बाप्तिस्मा घ्या असं मला कुणी सांगितलं नाही, मी घेतला नाही, आणि घरात दीड दिवसाचा गणपती बसतो तो बसतोच. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. “मग कशाला जातेस?” हे पाठोपाठ येतं, आणि त्याचं उत्तर फोनवर मावत नाही.

ग्लाइड मेमोरियल चर्च सॅन फ्रान्सिस्कोत एलिस आणि टेलर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. पॉवेल स्टेशनला बार्टमधून, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनमधून, वर आलं की केबल कारच्या रांगेत उभे असलेले पर्यटक दिसतात, मोठाली दुकानं दिसतात. तिथून चार-पाच मिनिटं चाललं की टेंडरलॉइन लागतं. फुटपाथवर तंबू, व्हीलचेअरमध्येच झोपलेली माणसं, जुन्या हॉटेलांच्या एकेका खोलीत वर्षानुवर्षं भाड्यानं राहणारे म्हातारे. आपले बहुतेक लोक हा भाग गाडीच्या काचा वर करूनच ओलांडतात.

लिझी ग्लाइड नावाच्या श्रीमंत विधवेनं नवऱ्याच्या स्मरणार्थ १९२९ साली ही जागा घेतली आणि मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं चर्च बांधलं. पुढे गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत गेली आणि बाकं रिकामी पडू लागली. १९६३ मध्ये सेसिल विल्यम्स हे टेक्सासमधले कृष्णवर्णीय पाळक (चर्चचे धर्मगुरू) इथे आले. पुढची जवळपास साठ वर्षं ग्लाइड म्हणजे विल्यम्स, असंच समीकरण होतं.

“चर्चनं राजकारणात कशाला पडायचं?” असं मंडळात कुणी म्हणालं की मी १ जानेवारी १९६५ ची रात्र सांगते. त्या काळी कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. टेंडरलॉइनमध्ये घरातून हाकलून दिलेली पोरं रस्त्यावर राहत होती आणि त्यातली कितीतरी याच कारणानं हाकललेली होती. ग्लाइडचे टेड मॅकिल्वेना हे तरुण मुलांमध्ये काम करत. त्यांच्या पुढाकारानं १९६४ मध्ये काही पाळक आणि समलिंगी कार्यकर्ते एकत्र बसले आणि त्यातून एक परिषद उभी राहिली. तिच्या निधीसाठी नववर्षाच्या रात्री कॅलिफोर्निया हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम ठेवला होता. पाळकांनी पोलिसांना आधी जाऊन कल्पनाही दिली होती. तरी पोलीस आले, दाराशी प्रखर दिवे लावले आणि आत जाणाऱ्या एकेका पाहुण्याचे फोटो काढत बसले. अडवायला पुढे झालेल्या वकिलांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी पाळकांनी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांवर जाहीर टीका केली. पांढऱ्या कॉलरवाल्या पाळकांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं, की ही समलिंगी मंडळी रोज काय सोसतात. खटला कोर्टात टिकला नाही. आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल लागायला २०१८ उजाडलं, हे लक्षात घेतलं म्हणजे हे किती आधीचं आहे ते कळतं.

दीड वर्षानं, ऑगस्ट १९६६ मध्ये, चर्चजवळच्याच कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलिसांच्या जाचाला विटलेल्या ट्रान्स स्त्रियांनी कपबशा भिरकावल्या, काचा फोडल्या. त्याच्या आदल्या महिन्यात त्या कॅफेटेरियासमोर ज्या तरुणांनी निदर्शनं केली होती, त्यांची संघटना ग्लाइडच्या आधारानं उभी होती. आता मला सांगा, अशा वस्तीत असलेल्या चर्चनं राजकारणात पडायचं नाही म्हणजे करायचं काय? दार लावून भजनं म्हणायची?

१९६७ मध्ये विल्यम्सनी मुख्य सभागृहातला क्रूसच उतरवला. जुने सभासद हादरले. विल्यम्सचं म्हणणं असं, की क्रूस भिंतीवर टांगून माणसं सुटका करून घेतात. तो आपण स्वतः उचलायचा असतो. मला हे पटतं आणि थोडं खटकतंही. भिंतीवरची खूण माणसाला नुसतं बसून राहायलाही मदत करते. आणि ग्लाइडमध्ये नुसतं बसून राहणं अवघडच. रविवारी बँड असतो, गॉस्पेल ही भक्तिगीतं गाणारा मोठा वृंद असतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, कुणीतरी माइकवर येऊन आपली गोष्ट सांगतं. शेजारच्या खुर्चीत बँकेतला अधिकारी असेल, जर्मनीहून आलेलं जोडपं असेल किंवा रात्र फुटपाथवर काढलेला माणूस, त्याच्या पिशव्यांसकट. ध्यानाला बसायचं असेल तर दुसरी जागा शोधावी.

मी मुख्यतः जाते ती गरजूंना जेवण देणाऱ्या स्वयंपाकघरासाठी. विल्यम्स आणि त्यांच्या पत्नी जॅनिस मिरिकितानी यांनी हे काम वाढवलं. मिरिकितानींचं नाव मंडळात कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. त्यात आर्कान्सॉच्या छावणीत ही मुलगी तान्ही होती. पुढे ती कवयित्री झाली, २००० साली शहराची राजकवी झाली. विल्यम्सची भाषणं गाजली. पण अत्याचार सोसलेल्या बायकांचे गट, मुलांचे वर्ग, जेवणाची घडी यांत मिरिकितानींचा हात होता. व्यासपीठावरचा एक आणि बाकी सगळं सांभाळणारी दुसरी, हे आपल्याकडच्या चळवळींतही नवीन नाही.

हेअरनेट आणि हातमोजे घालून ओळीत उभं राहायचं, ट्रे भरायचा, पुढे द्यायचा. देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे आल्या आल्या शिकवतात. नाव विचारलं जात नाही, ओळखपत्र नाही, जेवणाआधी प्रवचन ऐकण्याची अट नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्रॅक कोकेननं कृष्णवर्णीय वस्त्या पोखरल्या, तेव्हा व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांची वर्तुळं याच इमारतीत बसू लागली. माणूस उठून स्वतःचं सगळं सांगतो, बाकीचे ऐकतात. माझ्या दृष्टीनं ग्लाइडची प्रार्थना ती हीच.

मावशीला समजावताना मी गाडगेबाबा काढते. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही नुसते प्रश्न: कर्ज का काढता, दारू का पिता, माणसाला शिवायला का घाबरता. यातली भक्ती कुठे संपली आणि समाजकार्य कुठे सुरू झालं, असं मावशी कधी विचारणार नाही. आणि बाप्तिस्म्याचं म्हणाल तर आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मी काही नवीन करत नाहीये.

मात्र समाजन्यायाची भाषा बोलणारं प्रत्येक चर्च चांगलंच, असं मी मुळीच म्हणत नाही. याच शहरात सत्तरच्या दशकात जिम जोन्सचं पीपल्स टेंपल नावाचं चर्च होतं. काळे-गोरे एकत्र, गरिबांना जेवण, म्हाताऱ्यांची काळजी. शहराच्या घरबांधणी आयोगाचं अध्यक्षपदही जोन्सकडे होतं. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानामध्ये त्याच्या नादी लागलेली नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यात शेकडो मुलं. म्हणून मी कुठल्याही अशा जागी एकच गोष्ट तपासते: इथून उठून जाता येतं का? मध्ये बरेच महिने मी ग्लाइडला गेले नाही. कुणाचा फोन आला नाही, परत गेल्यावर कुणी कारण विचारलं नाही. मंडळातल्या एकीला हे फार कोरडं वाटलं. मला हायसं वाटलं.

पैशाचाही प्रश्न विचारतात. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या दिवंगत पत्नी सूझी इथे काम करत, त्यांच्यामुळे बफे जोडले गेले. २००० पासून त्यांच्यासोबतच्या जेवणाचा लिलाव ग्लाइडसाठी होत असे. २०२२ मध्ये शेवटचा म्हणून जाहीर झालेल्या लिलावात एका जेवणाला १ कोटी ९० लाख डॉलर आले. अब्जाधीशाच्या एका जेवणावर हजारो उपाशी माणसं जेवतात, याला न्याय म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ट्रे मात्र भरतात.

आणि हे चर्च तरी आहे का? हा प्रश्न खुद्द मेथडिस्ट बिशप मिनर्व्हा कार्कान्यो यांनी २०१८ मध्ये केला. रविवारच्या कार्यक्रमात ख्रिस्ती उपासनेचा गाभाच उरलेला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये तडजोड होऊन ग्लाइड पंथातून बाहेर पडलं. माझ्या आजूबाजूचे सगळे बिशपवर चिडलेले होते. मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे सगळं मागे पडलं की उरतं ते चांगलं समाजकार्य, आणि ते करायला चर्चच लागतं असं नाही. उत्तर म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, की दुसऱ्या संस्थांमध्येही मी जेवण वाढलंय. तिथे काम संपलं की मी घरी येते. ग्लाइडमध्ये ज्याला मी सकाळी ट्रे दिला, तो अकराच्या उपासनेत माझ्या पुढच्या रांगेत गात असतो, आणि माझ्यापेक्षा बरा गातो.

विल्यम्स २२ एप्रिल २०२४ ला गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. मिरिकितानी त्याआधी, २०२१ मध्ये. इतक्या मोठ्या माणसामागे संस्था टिकते की नाही, ते पुढच्या दहा वर्षांत कळेल. तोवर मंडळातल्या ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: स्वयंसेवकांची नावं आधी ऑनलाइन नोंदवावी लागतात, बूट पुढून बंद हवेत, सोन्याच्या बांगड्या घरी ठेवा, हातमोज्यात अडकतात. टिकली काढायला कुणी सांगत नाही.