वॉशिंग मशीन घेण्याआधी नळाखाली बादली लावून बघा

दुकानात चर्चा होते ती किलो, स्टार आणि आरपीएमची (पिळताना ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो त्याची). घरी पाणी कसं येतं हे क्वचितच कुणी विचारतं, आणि पुढच्या कटकटी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

म्हणून मशीनसाठीच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावा. मिनिटभरात भरली तर कोणतंही फुली ऑटोमॅटिक चालेल. तीन-चार मिनिटं लागली तर जपून. फ्रंट लोडला (समोरून दार असलेल्या मशीनला) साधारण 0.3 बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे टाकी जेमतेम डोक्यावर असते, तिथे एवढा दाब बरेचदा मिळत नाही. ठरलेल्या वेळात पातळी गाठली नाही की मशीन एरर दाखवून थांबतं. बूस्टर पंप हा उपाय आहे. त्याचा खर्च आधीच धरा.

पाणी तासभरच येत असेल किंवा टँकरवर भागत असेल, तर माझ्या मते आजही सेमी ऑटोमॅटिकच घ्यावं. बादलीने पाणी ओतता येतं, आणि पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी सोडून न देता त्यातच पुढे रंगीत आणि शेवटी पायपुसणी निघतात. फुली ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही. कष्ट मात्र आहेत: ओले कपडे स्पिनरमध्ये, म्हणजे पिळायच्या वेगळ्या टबात, आपणच टाकायचे. धुण्याची क्षमता 7 किलो असली तरी स्पिनरची त्याहून बरीच कमी असते, म्हणून दोन हप्त्यांत पिळा. कपडे दाबून सारखे बसवा, वर जाळीचं झाकण ठेवा. नाहीतर स्पिनर आपटायला लागतो.

फुली ऑटोमॅटिकमध्ये टॉप लोडला (वरून कपडे टाकायच्या मशीनला) एका धुण्याला शंभर-सव्वाशे लिटर पाणी सहज जातं, फ्रंट लोडला त्याच्या निम्मं. टॉप लोड लवकर उरकतं, वाकावं लागत नाही, राहिलेला मोजा मध्येच टाकता येतो. पण कॉलरचा मळ काढण्यात फ्रंट लोड सरस: ड्रम कपडे वर उचलून खाली आपटतो, वर गरम पाणी. त्यासाठी हीटर सुमारे 2000 वॅट घेतो, म्हणून 16 अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्ड नको.

फ्रंट लोडमध्ये हाताने धुवायची पावडर घालू नका. फेस झाला की कपडे त्या गादीवर पडतात, आपटले जात नाहीत, आणि मशीन पुन्हा पुन्हा खळबळत बसतं. बोअरच्या पाण्याने हीटरवर क्षाराचा थर चढतो. मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून 60 अंशांवर चालवा. दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचून काळे डाग आणि कुबट वास येतो. प्रत्येक धुण्यानंतर घडी पुसा, दार किलकिलं ठेवा.

क्षमता सुक्या सुती कपड्यांवर मोजलेली असते. एक जीन्स 600-700 ग्रॅम, मोठा टॉवेल अर्धा किलो. चौघांना 7 किलो पुरतं. रजया घरी धुवायच्या असतील तर 8-9 घ्या. सिंथेटिक प्रोग्रामला मात्र निम्मेच कपडे भरा.

बसवताना सांडपाण्याच्या पाइपाकडे लक्ष असू द्या. फ्रंट लोडचा पाइप जमिनीपासून 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर अडकवायचा. तो मोरीत खाली सोडला तर घेतलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. बऱ्याच टॉप लोडमध्ये पंपच नसतो, तिथे उलट पाइप जमिनीलगत हवा, उंबऱ्यावरून वर चढवला तर पाणी निघणार नाही. आणि फ्रंट लोडच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. ते टाकूही नका; घर बदलताना पुन्हा लावावे लागतात.