‘परदेशात कोण असतं तुमचं?’ : लेखनाचे पैसे खात्यात येईपर्यंत

माझ्या लेखनाचे पहिले परदेशी पैसे अमेरिकेतून दोन दिवसांत निघाले आणि सोलापुरात येऊन सव्वा महिना अडकले. अजूनही त्या शाखेसमोरून रिक्षा गेली की डोकं तापतं. असं काम घरी बसून करणारी पोरं आता आपल्याकडेही आहेत, म्हणून झालं ते सगळं लिहून ठेवते.

मी सात वर्षं टीव्हीवरच्या ॲनिमेशन मालिकांचे भाग लिहिते. अकरा मिनिटांचा एक भाग. आधी चार ओळींची कल्पना, मग आउटलाइन, मग पटकथा. त्यातून टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टींच्या लेखनाकडे वळले. ही दोन्ही कामं तशी शेजारशेजारचीच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच गेम १९७४ साली आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर त्याची कार्टून मालिकाही सुरू झाली. लिहिताना मात्र हात वेगळा लागतो. पटकथेत दार कोण उघडणार ते मी ठरवते, पात्राच्या कुठल्या हातात कंदील आहे तेही लिहिते, कारण दृश्यं चित्रांतून आखणाऱ्या स्टोरीबोर्डवाल्याला ते लागतं. गेममध्ये मी फक्त दार, कुलूप आणि आत बसलेला माणूस लिहायचा. कुलूप फोडायचं, की आतल्याला हाक मारायची, की तसंच परत फिरायचं, ते खेळणारे ठरवतात. या तिन्ही वाटांची तयारी कागदावर हवी.

माझी कथा विणकरांच्या गावाची आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ वाढले. मागांची खडखड कानात इतकी मुरलेली की रात्री वीज गेली की त्या शांततेनंच जाग यायची. कथा तिथूनच सुरू होते: मध्यरात्री गावातले सगळे माग एकदम थांबतात. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशकानं ती घेतली. आठ हजार शब्द, शब्दाला पाच सेंट, म्हणजे ४०० डॉलर. त्या बदल्यात छापण्याचा हक्क त्यांना. करार, दुरुस्त्या, सगळं सुरळीत झालं.

आणि मग बँक.

काउंटरवरच्या साहेबांचा पहिलाच प्रश्न : “परदेशात कोण असतं तुमचं? मिस्टर?” म्हटलं, कोणी नाही, मी लिहिते, त्याचे पैसे आहेत. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. पाठवणाऱ्यानं तपशिलात ‘गेम’ असा शब्द घातला होता. “ऑनलाइन गेम आहे का? लॉटरी वगैरे?” तिथून सगळं बिनसलं. कागद फॉरेक्स म्हणजे परकीय चलनाच्या विभागाकडे गेले, तिकडून खुलासा मागवला, मी खुलासा दिला, तो शाखेतच आठ दिवस पडून राहिला. दर खेपेला नवा माणूस आणि प्रत्येकाला गेम म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगायचं. पत्ते नाहीत, पैसे लावत नाहीत, चार जण टेबलाभोवती बसून गोष्ट खेळतात. छापील पानं दाखवली. या खेळात लागणारा वीस बाजूंचा फासा मात्र मुद्दाम घरी ठेवला.

मधे गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची जत्रा आली. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यासमोर उभी होते आणि माझं लक्ष फोनच्या मेसेजकडे. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

चौथ्या आठवड्यात साहेबांनी तोडगा काढला. परदेशातून आलेल्या पैशाला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक द्यावा लागतो. ते म्हणाले, “मॅडम, पी१३०१ टाकतो. इथं सही करा, उद्या जमा.” मी घरी येऊन यादी उघडली. पी१३०१ म्हणजे परदेशातल्या भारतीयानं कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे. नवरा म्हणाला, “कर ना सही, पैसे मिळाल्याशी मतलब.” माझा हातच उठेना. आठ हजार शब्द मी लिहिले होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. ते कुणीतरी घरखर्चाला पाठवले असं कागदावर कसं लिहून देऊ? शिवाय ते खोटंही होतं, आणि उद्या आयकरवाल्यांनी विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं.

त्याच यादीत पी०९०२ सापडला. हक्क वापरायला दिल्याबद्दल मिळणारे पैसे, आणि उदाहरणात हस्तलिखितं आणि चित्रपट असं स्पष्ट छापलेलं. ती ओळ अधोरेखित केली, कराराचं हक्काचं पान जोडलं, अर्ज केला आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. फॉरेक्स विभागातल्या एका मुलीनं फोनवर दोनच प्रश्न विचारले. तिसऱ्या दिवशी पैसे जमा. पावतीवर पी०९०२ वाचला तेव्हा पायऱ्यांवरच बसून आईला फोन लावला.

तर पहिलं काम : इन्व्हॉइसवर आणि पाठवणाऱ्याच्या तपशिलात ‘गेम’ लिहूच देऊ नका. ‘हस्तलिखित हक्क मोबदला’ अशा अर्थाचं इंग्रजी लिहायला सांगा. तेच खरंही आहे. तुमची रक्कम माझ्यासारखी हक्काची नसून नुसत्या सेवेची असेल तर कोड वेगळा लागतो, तो करार पाहून ठरवा.

पैसे निघाले की प्रकाशकाकडून स्विफ्टची, म्हणजे त्याच्या बँकेनं पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत मागून घ्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत बँकेत तिला एमटी-१०३ म्हणत. ती हातात असली की “आलेच नाहीत” हे उत्तर बंद होतं.

हे आधीच सांगायला हवं होतं : अमेरिकन प्रकाशक डब्ल्यू-८ बेन नावाचा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा फॉर्म मागतो. तो पॅन नंबरासह भरून दिला तर भारत-अमेरिका करकरारानुसार अशा रॉयल्टीवर १५ टक्के कर कापतात, नाही तर थेट ३०. माझे ४०० चे ३४० झाले ते त्यामुळे. वाटेतल्या बँकेनंही थोडे कापले. अमेरिकेत कापलेल्या कराचं क्रेडिट इथं रिटर्न भरताना मागता येतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो, सीएला आठवण करा. मुंबईचे स्टुडिओ १० टक्के टीडीएस कापतात, ते या भानगडीपुढे फारच सोपं.

आणि बायकांसाठी खास : मी माहेरच्या नावानं लिहिते, खातं सासरच्या नावावर आहे. करारात दोन्ही नावं घालून घेतली होती म्हणून तिथं तरी अडलं नाही. या ४०० डॉलरशिवायच्या रॉयल्टीचा पहिला हप्ता जुलैत येईल. बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत कराराच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर ठेवली आहे.